दहा लाख किलोमीटरचा एक मीटर: शाळेच्या भिंतीपासून नेपच्यूनपर्यंत

आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. दोन महिने मुलांना हाताशी धरून गावच्या रस्त्यावर सूर्यमाला मांडली. ज्यांना आपल्या गावात हे करायचं आहे त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी देते आहे. चुका गाळलेल्या नाहीत. त्या निस्तरण्यातच निम्म्याहून जास्त वेळ गेला.

4 जानेवारी 2025, शनिवार

सुरुवात वर्गातल्या तक्त्यावरून झाली. तक्त्यावर पृथ्वी 2 सेंटिमीटरची आणि तिच्यापासून चार बोटांवर मंगळ. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मंगळ एवढा जवळ आहे, तर मंगळयानाला साडेदहा महिने का लागले?"

उत्तर फळ्यावरच काढलं. पृथ्वी 2 सेंटिमीटरची धरली, तर मंगळ अगदी जवळ येतो तेव्हासुद्धा 88 मीटरवर हवा, आणि नेपच्यून सात किलोमीटरवर. तक्त्यात ग्रहांचे आकार एका मापानं काढतात आणि अंतरं भलत्याच मापानं. मुलं हे वर्षानुवर्षं पाहतात, आणि मीही बारा वर्षं त्याच तक्त्यावर शिकवते आहे.

मग सगळं शाळेच्या 90 मीटरच्या मैदानात बसवायचं ठरवलं. गणित केलं आणि तो बेत तिथेच सोडला. नेपच्यून मैदानाच्या टोकाला ठेवला तर सूर्य लिंबाहून लहान होतो आणि पृथ्वी पाव मिलिमीटरची. रव्याचा कणसुद्धा तिच्यापेक्षा मोठा. ग्रह दिसले पाहिजेत, तर मैदान सोडून रस्त्यावर यावं लागणार.

शेवटी माप ठरलं ते असं: 10 लाख किलोमीटर म्हणजे 1 मीटर, 1,000 किलोमीटर म्हणजे 1 मिलिमीटर. शंभर कोटी पट लहान. याचा मोठा फायदा म्हणजे पाचवीचं पोरही तोंडी हिशेब करतं. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. सूर्यापासूनचं अंतर 15 कोटी किलोमीटर, म्हणजे 150 मीटर. दुसरं कुठलंही माप घेऊ नका, दर वेळी गुणाकार करत बसाल.

5 जानेवारी, रविवार

आतले चार ग्रह मोजून घेतले. ग्रामपंचायतीचा 30 मीटरचा टेप मिळाला. शाळेची रस्त्याकडची भिंत म्हणजे सूर्य. बुध 58 मीटर, शुक्र 108, पृथ्वी 150, मंगळ 228. दोन तासांत काम झालं. त्या जोरावर 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर गावाला सगळी सूर्यमाला दाखवू, असं मी बोलून बसले.

8 जानेवारी, बुधवार

ग्रह जमवले. बुध 4.9 मिलिमीटर, त्याला काळी मिरी. पृथ्वीसाठी खूप शोधाशोध केली. गोट्या सगळ्या मोठ्या निघतात. गॅरेजवाल्यानं अर्ध्या इंचाचा छर्रा दिला, तो 12.7 मिलिमीटर भरला. शुक्राला 12 मिलिमीटरचा छर्रा. दोन्ही मिळून 40 रुपये. चंद्राला ज्वारीचा दाणा, मंगळाला वाळलेला वाटाणा.

छर्रा हातात घेऊन मुलं म्हणाली, "पण पृथ्वीवर डोंगर आहेत, हा तर गुळगुळीत आहे." या मापात एव्हरेस्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी उंचीचा होतो, नखाला जाणवणारसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक छर्ऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर फिरतं. त्याला आपण अंतराळ म्हणतो. चंद्र 38 सेंटिमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेला आहे, एका हातात मावेल इतका.

12 जानेवारी, रविवार

आज एक चूक सापडली असं वाटलं, पण ती चूक नव्हती. मंगळ या फेरीत आजच पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. अंतर 9 कोटी 60 लाख किलोमीटर, आपल्या मापात 96 मीटर. आमच्या पृथ्वीच्या खुंटीपासून मंगळाच्या खुंटीपर्यंतचं अंतर मात्र 78 मीटरच. मुलांनी पुन्हा टेप लावला, पुन्हा 78.

खुंटी सरासरी अंतरावर ठोकली होती. मंगळाची कक्षा मात्र चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून तो कधी 207 मीटरवर असतो तर कधी 249 मीटरवर, आणि सध्या तो लांबच्या टोकाकडे आहे. ऑगस्ट 2003 मध्ये तो फक्त 56 मीटरवर आला होता. म्हणून मंगळाला एका खुंटीऐवजी तीन खुणा केल्या: जवळची, सरासरी आणि लांबची. दुसऱ्यांनी करताना हे आधीच करावं.

रात्री आठ वाजता मुलं अंगणात जमली. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबूस मंगळ ठळक दिसत होता. "तो तिथं, 96 मीटरवर," एक मुलगा म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मंगळाविषयी एवढं नेमकं वाक्य मी मुलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

18 आणि 19 जानेवारी

बाहेरच्या ग्रहांची अंतरं मोजायची होती. टेपनं साडेचार किलोमीटर मोजणं होईना, म्हणून सायकल घेतली. आरीला लाल चिंधी बांधली, चाकाचा एक फेरा 2.08 मीटर भरला, आणि फेरे मोजत निघालो. सातशेच्या पुढे एक कुत्रं मागे लागलं आणि आकडा विसरला. शनिवार वाया गेला.

रविवारी दर 50 फेऱ्यांनी रस्त्याच्या कडेला फक्कीची रेघ मारली. आता आकडा विसरला तरी मागच्या रेघेपासून धरता येतो. पण किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमध्ये 481 फेरे यायला हवे होते, ते आले 488. फेरा मोजताना सायकल रिकामी होती. मुलगा बसला की टायर दबतो आणि फेरा 2.05 मीटरचा होतो. फरक फक्त तीन सेंटिमीटरचा, पण नेपच्यूनपर्यंत जाता जाता तो 66 मीटर झाला असता. फेरा मोजताना माणूस सीटवर बसलेला असू द्या.

आणखी एक. रस्ता वळणाचा आहे. फोनवरच्या नकाशात नेपच्यूनच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर 3.9 किलोमीटरच दिसतं. बराच विचार करून मी रस्त्याचं अंतर कायम ठेवलं, कारण मुलं रस्त्यानं चालणार आहेत. पाटीवर तसं स्पष्ट लिहिलं.

22 जानेवारी, बुधवार

सर्वांत महाग चूक. सूर्याचा व्यास 13 लाख 92 हजार किलोमीटर, म्हणजे भिंतीवर 1 मीटर 39 सेंटिमीटरचं वर्तुळ. मी पेंटरकाकांना कागदावर नुसतं "1.39" लिहून दिलं. त्यांनी भिंतीत खिळा ठोकला, 1.39 मीटरची सुतळी बांधली आणि वर्तुळ काढून रंगवूनही टाकलं. मी मधल्या सुट्टीत येऊन पाहते तर सूर्य दुप्पट. त्रिज्या की व्यास, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. 1,150 रुपयांचा पिवळा रंग गेला.

काका म्हणाले, "बाई, पुसून पुन्हा करायचा म्हणजे आधी चुना, मग प्रायमर, आठ दिवस जातील." मग एक गोष्ट आठवली. अंतराळातून पाहिलं तर सूर्य पिवळा दिसत नाही, पांढरा दिसतो. पिवळेपणा आपल्या हवेमुळे येतो. म्हणून त्या मोठ्या वर्तुळावर गडद निळा रंग चढवला आणि मधोमध बरोबर 1.39 मीटर व्यासाचा पांढरा सूर्य काढला. त्यावर छर्ऱ्याएवढा एक काळा ठिपका दिला, कारण पृथ्वीएवढे सौर डाग ही नेहमीची गोष्ट आहे. आणखी 900 रुपये लागले. पिवळ्या सूर्यापेक्षा हा मला कितीतरी आवडतो.

26 जानेवारी, रविवार

ठरल्याप्रमाणे झालं नाही. गावाला फक्त मंगळापर्यंत नेता आलं. गुरूपासून पुढचं काही तयार नव्हतं. शिवाय मंगळच जागेवर नव्हता, वाटाणा उंदरानं नेला. बुधाची मिरीही दवानं मऊ पडली होती. उघड्यावर धान्य आणि मसाला टिकत नाही, हे आधी सुचायला हवं होतं. कासाराकडून 5 आणि 7 मिलिमीटरचे काचेचे मणी आणले आणि एम-सीलमध्ये बसवले. ते अजून जागेवर आहेत.

1 फेब्रुवारी, शनिवार

गुरू सव्वाचौदा सेंटिमीटरचा, शनी 12 सेंटिमीटरचा. कुंभारमामांना मातीचे गोळे सांगितले होते. गुरू हातात आला तो 12.6 सेंटिमीटरचा. मामांनी ओला गोळा माझ्या मापानं बरोबर 14 चाच केला होता. "बाई, माप ओलं सांगितलं का भाजलेलं?" त्यांनी विचारलं. वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, त्यांच्या मातीत साधारण दहाव्या भागानं. आक्रसलेल्या त्या गुरूला घासून घासून 12 चा केला आणि त्याचा शनी झाला. नवा गुरू मामांनी ओला असताना पावणेसोळाचा केला, तो भाजल्यावर 14.2 चा झाला. युरेनस 5.1 आणि नेपच्यून 4.9 चा, तेही त्यांनीच केले. सगळ्याचे 300 रुपये दिले. दुसऱ्या गुरूचे त्यांनी घेतले नाहीत.

शनीच्या कड्यांनी छळलं. मुख्य कड्यांचा बाहेरचा व्यास 27 सेंटिमीटरच्या थोडा वर. पुठ्ठ्याची कडी दोन रात्रींच्या दवात वाकली. प्लायवूडची केली तर गोळा पेलेना. शेवटी जुन्या पारदर्शक शीटमधून कापली. कितीही पातळ शीट घेतली तरी ती जाडच ठरते. खऱ्या कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर एवढीच आहे. पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आणि जाडी एखाद्या इमारतीएवढी. आपल्या मापात ती जाडी साबणाच्या फुग्याच्या पडद्याहूनही कमी होते. मुलांना सांगितलं, कडी आम्ही खोटी केली आहे, खरी करताच येत नाही.

8 फेब्रुवारी, शनिवार

आज युरेनस. 2,870 मीटरवर. जागा आली ती एका बांधाला लागून, रस्त्याच्या कडेला. बांबू आधीच शेळ्यांनी आणि वाळवीनं संपवले होते, म्हणून जुन्या लोखंडी पाइपचे खांब घेतले, 2,200 रुपये. खांब रोवून त्यावर आकडा लिहिलेला पत्रा लावला आणि आम्ही परत फिरलो. संध्याकाळी खांब शाळेच्या दारात आणून टाकलेला.

शेतमालक तात्या स्वतः आले होते. "बाई, ह्यो नंबराचा खांब कुनी रोवला माझ्या बांधाला? रस्ता रुंद करायचा हाय का?" चूक माझी होती. आकडा लिहिलेला खांब दिसला की शेतकऱ्याच्या मनात पहिल्यांदा जमीन जाण्याचं येतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी जागा पाहिली, अंतर मोजलं, पण ज्याचा बांध त्याला विचारलं नाही.

त्यांना वर्गात बसवून चहा दिला आणि मुलांनाच सगळं सांगायला लावलं. युरेनस शब्दावर ते अडले. मग एकदम म्हणाले, "म्हंजी हर्शल का? पंचांगात असतोय की!" बरोबर. मराठी पंचांगात या ग्रहाला हर्षल म्हणतात, तो शोधणाऱ्या विल्यम हर्शेलच्या नावावरून. इंग्लंडमधल्या बाथ गावातला हा वादक. 13 मार्च 1781 च्या रात्री घराच्या बागेतून स्वतः केलेल्या दुर्बिणीनं आकाश पाहत होता. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. ग्रहाला त्यानं इंग्लंडच्या राजाचं नाव दिलं होतं, ते टिकलं नाही. जगानं पुढे युरेनस म्हटलं, आणि शोधणाऱ्याचं नाव राहिलं आपल्याकडच्या पंचांगात.

हा ग्रह जवळजवळ आडवा पडून फिरतो. त्याची एक फेरी 84 वर्षांची. ध्रुवावर सलग 42 वर्षं उजेड आणि 42 वर्षं अंधार. तात्या 71 वर्षांचे. "म्हंजी माझ्या जल्मापासनं ह्याची एक फेरी पुरी न्हाई," ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. खांब त्यांनीच परत नेऊन रोवला, बांधाच्या बाहेर, पाणी लागणार नाही अशा जागी. नंतर नेपच्यूनसाठी शेजारच्या ग्रामपंचायतीची परवानगीही त्यांच्याच ओळखीनं मिळाली.

12 फेब्रुवारी, बुधवार

नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावच्या एसटीच्या निवाऱ्यात. हा ग्रह आधी कागदावर सापडला. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रान्समध्ये ल व्हेरिएनं हिशेब केला की त्याला ओढणारा आणखी एक ग्रह कुठे असावा, आणि बर्लिनला पत्र पाठवलं. 23 सप्टेंबर 1846 ला गाले यानं दुर्बीण लावली आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, ग्रह सापडला. गॅलिलिओनं 1612-13 च्या हिवाळ्यात तो पाहून टिपूनही ठेवला होता, पण तारा समजून. शोध लागल्यापासून त्याची सूर्याभोवतीची पहिली फेरी 2011 मध्ये पुरी झाली.

प्लूटोला खांब नाही. तो कधी 4.4 किलोमीटरवर असतो, कधी 7.4 किलोमीटरवर. 1979 ते 1999 तर नेपच्यूनच्याही आत होता. भोगीच्या भाकरीसाठी आणलेल्या बाजरीचा एक दाणा नेपच्यूनच्या पाटीवर चिकटवून तेवढं लिहिलं.

16 फेब्रुवारी, रविवार

पृथ्वी आणि चंद्राच्या मधल्या जागेत बाकीचे सातही ग्रह एका ओळीत मावतात, असं फोनवर फिरणारं एक वाक्य मुलांनी आणलं. सगळे ग्रह आपल्याकडे आहेत, तर करूनच पाहू म्हटलं.

टेबलावर छर्रा ठेवला आणि 38.4 सेंटिमीटरवर ज्वारीचा दाणा. मध्ये ओळीनं गोळे लावले. मावले नाहीत. सगळ्यांचे व्यास मिळून 38.6 आणि मधली मोकळी जागा 37.6, एक सेंटिमीटर कमी पडला. मुलांना वाटलं मामांचा गुरू मोठा झाला. तपासलं तर गुरू बरोबर होता. आम्ही सगळे व्यास विषुववृत्ताचे घेतले होते. गुरू आणि शनी दहा-साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे मधे फुगून ध्रुवांकडे चपटे झाले आहेत. ध्रुवांकडचे व्यास घेतले तर बेरीज साडेछत्तीस सेंटिमीटर येते आणि सगळे मावतात. विषुववृत्ताचेच व्यास ठेवले तरी चंद्र लांबच्या टोकाला, साडेचाळीस सेंटिमीटरवर गेला की मावतात.

म्हणजे वाक्य खरं आहे, पण ग्रह कसे ठेवता आणि चंद्र कुठे आहे यावर ते अवलंबून आहे. या एका सेंटिमीटरवर दीड तास गेला. सबंध प्रकल्पात मुलांनी सर्वांत जास्त हुज्जत इथेच घातली. तुमच्याकडे बाकी काही जमलं नाही तरी एवढं नक्की करून पाहा.

22 फेब्रुवारी, शनिवार

प्रकाशाची चाल. प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो, आपल्या मापात 30 सेंटिमीटर. मुलांना प्रकाशाच्या वेगानं सूर्यापासून पृथ्वीपर्यंत चालायचं होतं, 150 मीटर, 8 मिनिटं 20 सेकंद. पहिल्या वेळी पाच मिनिटांतच पोचली. इतकं हळू चालणं जमेचना. मग दर 3 मीटरवर फक्कीची रेघ मारली आणि एकानं घड्याळ धरून दर दहा सेकंदांनी शिट्टी वाजवली. एका शिट्टीला एक रेघ. तिसऱ्या प्रयत्नात 8 मिनिटं 24 सेकंद.

रांगेतून एक आजोबा नेहमीच्या चालीनं पुढे निघून गेले, तेव्हा मुलं ओरडली की आजोबा प्रकाशाच्या तिप्पट वेगानं चाललेत.

चौघं जण गुरूपर्यंत गेले, 43 मिनिटं. तिथून पृथ्वीची खुंटी दाखवून रोमर या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. पृथ्वी लांब असताना गुरूच्या आयो चंद्राची ग्रहणं उशिरा दिसतात, हे पाहून 1676 मध्ये त्यानं सांगितलं की प्रकाशालाही यायला वेळ लागतो. पृथ्वीची कक्षा ओलांडायला त्याच्या हिशेबानं 22 मिनिटं. आमच्या मुलांच्या चालीनं 300 मीटरला सोळा मिनिटं चाळीस सेकंद. त्याचा आकडा चुकला, पण विचार बरोबर होता.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. गाव पहिल्यांदा नेपच्यूनपर्यंत चाललं. माणसं बोलत बोलत मंगळापर्यंत आली, गुरूपर्यंत थोडी कमी बोलली, आणि शनीनंतर रस्ताच रस्ता लागला तेव्हा एकानं विचारलं, "मधे काहीच नाही का?" नाही. अंतराळात बहुतेक जागी काहीच नाही, आणि हे पायांना कळल्याशिवाय कळत नाही.

नेपच्यूनशी पोचल्यावर मुलांनी व्हॉयेजर 1 चं सांगितलं. 5 सप्टेंबर 1977 ला निघालेलं हे यान आता सुमारे 25 अब्ज किलोमीटरवर आहे, म्हणजे 25 किलोमीटर, आमच्या तालुक्याच्या स्टँडच्याही पलीकडे. सेकंदाला 17 किलोमीटर वेगानं जातं, आणि आपल्या रस्त्यावर दिवसाला फक्त दीड मीटर सरकतं.

एकूण खर्च 6,150 रुपये. वर सांगितलेलं सोडून पाट्यांचे 1,440 आणि एम-सीलचे 120. तीन दिवस वाया गेले आणि एक महिना उशीर झाला.

2 मार्च, रविवार

सातवीतल्या दोघी घरी आल्या. "बाई, पुढचा तारा कुठे लावायचा?" सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा. 1915 मध्ये इनेस यानं जोहान्सबर्गहून शोधला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. नरतुरंगातल्या मित्र ताऱ्याचा हा सोबती. मित्र आपल्याकडे मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजापासून थोडा वर दिसतो. प्रॉक्सिमाचं अंतर 4.24 प्रकाशवर्षं. हिशेब केला तर आपल्या मापात साधारण 40,000 किलोमीटर. पृथ्वीचा पूर्ण घेरही तेवढाच.

म्हणजे सूर्याच्या भिंतीपासून निघायचं, सगळ्या जगाला एक फेरी घालायची, आणि उलट्या बाजूनं पुन्हा शाळेतच यायचं. दुपारी शाळा उघडली. पेंटरकाकांचा उरलेला लाल रंग होता. मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, मुलींनी 21 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. काढण्याआधी दोघींनी विचारून घेतलं, "बाई, 21 हा व्यास ना?"